टाळूवरचा कोंब, एचपीव्ही आणि कर्करोगाची भीती

सुरंगी, वेंगुर्ले

माझ्या यजमानांच्या टाळूवर, पडजिभेच्या अगदी जवळ, गणपतीच्या सुमारास एक लहानसा कोंब दिसू लागला. तो दुखत नव्हता, त्यातून रक्तही येत नव्हते. फक्त घास गिळताना काहीतरी अडकल्यासारखे वाटे. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा, पांढुरका आणि बारीक देठाचा. दंतवैद्यांनी तो देठासकट काढून तपासणीला पाठवला. अहवालात ‘स्क्वेमस पॅपिलोमा’ असे निदान असून, अशी वाढ एचपीव्ही विषाणूशी निगडित असू शकते, असा शेरा आहे. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू, एवढेच आम्हांला ठाऊक होते, त्यामुळे घरात सगळ्यांचे धाबे दणाणले आहे. याचा पुढे कर्करोग होईल का? हा विषाणू आला कुठून? मुलांची ताटे-पेले वेगळे ठेवावेत का? सासूबाईंचे म्हणणे असे की, त्या इतकी वर्षे मिश्री लावतात, गालात पांढरा चट्टाही आहे, तरी त्यांना काही झाले नाही. मग निर्व्यसनी मुलालाच हे कसे झाले?

दंतवैद्य, चिपळूण

ताई, पॅपिलोमा ही सौम्य वाढ आहे. तो कर्करोग नव्हे. एचपीव्ही हा एकच विषाणू नसून त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांमागे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार असतात; हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या काही कर्करोगांतही १६ क्रमांकाचा प्रकार आढळतो. तोंडातल्या पॅपिलोमात मात्र, विषाणू सापडलाच तर, तो बहुधा ६ किंवा ११ क्रमांकाचा असतो, आणि हे दोन्ही कमी जोखमीचे मानले जातात.

हा फरक नुसत्या क्रमांकांचा नाही. तोंडाच्या अस्तराला बारीकशी इजा झाली की विषाणू त्याच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो आणि त्यांना वाढायला लावतो, म्हणून बोटांसारखे उंचवटे तयार होतात. जास्त जोखमीच्या प्रकारांची प्रथिने पेशीच्या वाढीला लगाम घालणारी यंत्रणाच निकामी करतात. ६ आणि ११ यांच्या प्रथिनांची त्या यंत्रणेवरची पकड ढिली असते. त्यामुळे पेशी वाढतात, पण ती वाढ जागच्या जागी राहते. देठासकट काढलेला पॅपिलोमा सहसा परत येत नाही. विषाणूचा प्रकार शोधणारी महागडी चाचणी करण्याची येथे गरज नाही, कारण तिच्यामुळे उपचार बदलत नाहीत. जखम भरली की एकदा दाखवावे आणि त्याच जागी पुन्हा काही दिसले तर लगेच यावे, एवढे पुरे.

तोंडातली प्रत्येक गाठ एचपीव्हीची असते, असेही समजू नये. दाताखाली गाल वारंवार चावला जाऊन येणारी गुळगुळीत गाठ किंवा गरोदरपणात हिरडीवर येणारी लालभडक, पटकन रक्त येणारी गाठ यांचा या विषाणूशी संबंध नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, रत्नागिरी

विषाणू कुठून आला, या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो, कारण अशा अहवालावरून नवरा-बायकोत संशय शिरलेला मी पाहिला आहे. मुखमैथुनातून हा संसर्ग होऊ शकतो, हे खरे आहे. परंतु हातावरच्या चामखिळीतून, विशेषतः नखे कुरतडणाऱ्या मुलांत, तोंडात चामखीळ येऊ शकते, आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही काही प्रकार मिळू शकतात. शिवाय संसर्ग झाल्यावर वाढ दिसायला कित्येक महिने जाऊ शकतात, आणि बहुतेकांच्या शरीरातून विषाणू काहीही लक्षण न दाखवता निघून जातो. तेव्हा एका कोंबावरून अमुक व्यक्तीकडून, अमुक वेळी लागण झाली, असे कोणीही सांगू शकत नाही. कृपया घरात कोणाचीही उलटतपासणी करू नका. ताटे-पेले नेहमीसारखे धुऊन वापरावेत, वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

बंदरकाठ, हर्णै

आमच्याकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधतात किंवा चुना लावतात. तोंडातल्या कोंबालाही ते करावे, असे जाणती माणसे सांगतात. ते योग्य आहे का? आणि एचपीव्हीची लस घेतल्याने असा कोंब जातो का?

दंतवैद्य, चिपळूण

दोन्ही उपाय तोंडात अजिबात करू नयेत. चुन्याने आतली नाजूक त्वचा भाजते, आणि केस बांधून गाठ गळून पडली तर तपासणीला पाठवायला काहीच उरत नाही. वरून सौम्य दिसणारी गाठ खरोखर सौम्य आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. लस आधीच आलेली वाढ बरी करत नाही. ती पुढचा संसर्ग टाळण्यासाठी असते, म्हणून लहान वयात घेतलेली बरी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे.

सुरंगीताई, आपल्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती शेवटच्या ओळींची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे, एचपीव्ही नव्हे. मिश्री लावणाऱ्या व्यक्तीच्या गालातला, पुसून न जाणारा पांढरा चट्टा पुढे कर्करोगात बदलू शकतो.

सुरंगी, वेंगुर्ले

मनावरचे मोठे ओझे उतरले, आपणां सर्वांची आभारी आहे. चट्टा पुसून जात नाही, हे मी आजच पाहिले. परंतु दुखत नाही तर दवाखान्यात कशाला, असे सासूबाई म्हणतात.

दंतवैद्य, चिपळूण

असे चट्टे सुरुवातीला दुखतच नाहीत, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दंतविभागात घेऊन जा. चट्ट्यात लाल भाग आहे का, तो बोटाला कडक लागतो का, तोंड पूर्वीइतके उघडते का, हे तेथे पाहतील आणि गरज वाटली तर लहानसा तुकडा काढून तपासतील. मिश्री किती वर्षांपासून, दिवसातून कितीदा आणि कोणत्या बाजूला लावतात, हे डॉक्टरांना नेमके सांगा. जाण्याच्या दिवसापासूनच ती बंद करायला लावा. चट्टा लहान आणि नरम असेल तर कधीकधी तेवढ्यानेही तो कमी होतो, तरी तपासणी टाळू नका.