मदत हवी आहे: विनिपेगच्या चिकणमातीत प्रेअरी क्रोकस

मंडळी, इथे कॅनडात कुणी प्रेअरी क्रोकस बियांपासून वाढवला आहे का? १९०६ पासून हे आमच्या मॅनिटोबा प्रांताचं अधिकृत फूल. बर्फ वितळतो न वितळतो तोच जांभळट, लव असलेली फुलं जमिनीलगत उमलतात, पानं मागाहून येतात. उणे तीसची थंडी त्याला सोसते, त्यामुळे मला धास्ती हिवाळ्याची नाही, मातीची आहे. मूळ खोल जातं आणि पाणी साचलं की कुजतं. आमच्या अंगणात तर नुसती चिकणमाती! वाळू-खडी घालून उंच वाफा केला तर पुरेल का? किती उंच?

दुसरं म्हणजे बी. ताजं बी लगेच रुजतं म्हणतात. साठवलेलं असेल तर शरद ऋतूत बाहेरच पेरू, की ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवू? माळरानावरून रोप उपटून आणायचं नाहीये, तसंही ते सहसा जगत नाही. नर्सरीत बहुतेकदा युरोपातली जात मिळते, मला इथलीच हवी आहे. खात्रीचं स्थानिक बी कुठे मिळेल?

आणि हो, झाड विषारी आहे. घरात रांगतं बाळ असताना कुणी लावलंय का?