मॅक्रोसाठी ऑटोफोकस बंद ठेवावा का?

रानवाटा :
पावसाळा सरताना कासच्या पठारावर फुलांची छायाचित्रे काढायला गेले की एक अडचण हमखास येते, तिच्याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. माझ्याकडे एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा आणि १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून मोठी प्रतिमा टिपणारी) लेन्स आहे. गेंद किंवा सीतेची आसवे थोड्या अंतरावरून टिपताना ऑटोफोकस व्यवस्थित चालतो. मात्र दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या एखाद्या पानाच्या अगदी जवळ गेले, की लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राहते आणि थांबलीच तर मागच्या गवतावर थांबते. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ऑटोफोकस कायमचा बंद करण्याचा सल्ला दिला आहे. आजचे कॅमेरे पक्ष्याचा डोळासुद्धा ओळखतात, मग हाताने फोकस करण्याचा खरोखर काही फायदा आहे, की ती जुन्या पिढीची सवय आहे? शिवाय मला चष्मा आहे, तेव्हा स्वतःच्या नजरेवर कितपत विसंबावे, हीदेखील शंका आहे.

लोलक :
तुम्ही वर्णन केलेल्या कामासाठी मॅन्युअल फोकसच योग्य आहे, आणि त्याचा सवयीशी काही संबंध नाही. वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी पडते तेव्हा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/८ ठेवले असता सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १ मिलिमीटरचा असतो, आणि तुमच्या सेन्सरवर तो त्याहूनही अरुंद होतो. दवबिंदूच्या पानावरचे केसासारखे तंतू, त्यांच्या टोकांवरचे चिकट थेंब, एखादा अडकलेला कीटक आणि मागचे गवत हे सगळे तुमच्या एकाच फोकस बिंदूखाली येते. यांपैकी तुम्हाला काय हवे आहे हे कॅमेऱ्याला कळण्याचा मार्ग नाही, त्यामुळे जिथे उजेड-अंधाराची कड ठळक दिसेल तिथे तो जातो. त्यात इतक्या जवळ गेल्यावर सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशावर, घटतो आणि फोकस शोधणे अधिकच अवघड होते.

माझी पद्धत अशी आहे. आधी फोकसची रिंग फिरवून प्रतिमा किती मोठी हवी ते ठरवावे आणि मग रिंगला हात लावू नये. कोपरे जमिनीवर किंवा धान्य भरलेल्या पिशवीवर टेकवून कॅमेऱ्यासकट स्वतः किंचित पुढे-मागे व्हावे, आणि हवा तो थेंब स्पष्ट होतो त्या क्षणी शटर दाबावे. वारा असेल तर त्या हालचालीतच सलग काही फ्रेम घ्याव्यात. सेन्सर पानाला समांतर ठेवला तर तोच अरुंद पट्टा पानाच्या बऱ्याच लांबीला पुरतो. कोन चुकला तर अॅपर्चर कितीही लहान केले तरी ती उणीव भरून निघत नाही. (आडवे होण्यासाठी पायवाटेचीच जागा निवडावी, ही कळकळीची विनंती. पुढच्या वर्षीची फुले याच मातीतून यायची आहेत.)

चष्म्याची फार चिंता नको. व्ह्यूफाइंडरजवळ डायॉप्टरची, म्हणजे नजरेच्या नंबरानुसार जुळवायची, छोटी चकती असते. चष्मा लावून आत पाहावे आणि आतली अक्षरे व फोकसचे चौकोन स्वच्छ दिसेपर्यंत ती फिरवावी. झाडाफुलांकडे पाहून ती जुळवू नये.

धीवर :
लोलक यांचे मॅक्रोबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण 'कायमचा बंद करा' या सल्ल्याला माझा विरोध आहे. उडता पक्षी किंवा धावणारे मूल टिपताना विषयाचे अंतर क्षणोक्षणी बदलत असते, आणि आजच्या ऑटोफोकसच्या वेगाशी हाताची बरोबरी होत नाही. १९८५ साली ऑटोफोकसचा मिनोल्टा ७००० कॅमेरा बाजारात आला आणि १९८७ मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी आपला जुना लेन्स माउंटच (लेन्स बसवण्याची कॅमेऱ्यावरची जोडणी) सोडून दिला, तो काही उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमधल्या काचेवर मधोमध दुभंगलेली प्रतिमा दिसे आणि तिचे दोन अर्ध जुळले की फोकस साधला, असे खात्रीने सांगता येई. आजच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये ती सोय नाही. त्यांची काच उजळ दिसावी म्हणून घडवलेली असल्याने मोठ्या अॅपर्चरचा खरा अरुंद पट्टा तीत दिसतच नाही. नजर उत्तम असूनही फोकस चुकतो तो यामुळे. म्हणून शक्य तिथे लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचे थेट दृश्य) सुरू करून प्रतिमा दहापट मोठी करून पाहावी. शिवाय फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिले, तर ते दाबेपर्यंत लेन्स जागची हलत नाही.

ध्रुवतारा :
रात्रीच्या आकाशासाठीही ऑटोफोकस बंदच ठेवावा लागतो. मात्र रिंग शेवटच्या टोकापर्यंत फिरवून थांबू नये, कारण अनेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्या खुणेच्याही पुढे जातात आणि तारे फुगीर उमटतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेल तिथे रिंग ठेवावी. तापमान उतरले की फोकस किंचित सरकतो, म्हणून मध्यरात्रीनंतर तो पुन्हा तपासावा.

रानवाटा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. लोलक, लाइव्ह व्ह्यू वापरायचा तर ट्रायपॉड आलाच. मग स्वतः पुढे-मागे कसे व्हायचे?

लोलक :
ट्रायपॉड असेल तर त्यावर मॅक्रो रेल बसवावी. तिच्या स्क्रूने कॅमेरा अगदी थोडा थोडा सरकवता येतो. रेल नसेल तर रिंगनेच फोकस करावा, प्रतिमेच्या आकारात पडणारा किरकोळ फरक चालवून घेता येतो. मात्र हे सारे पहाटे, वारा पडलेला असतानाच साधते. पठारावर वारा सुटला की मी ट्रायपॉड मिटवून पुन्हा कोपरांवर येतो, कारण पान डोलत असताना स्थिर कॅमेऱ्याचा काहीच उपयोग नसतो.