मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन ॲरिझोनातल्या वाळवंटी डोंगरांतून निवांत रोड ट्रिप, कुठली बाजू निवडू?

सावकाश_जा

नमस्कार मंडळी,

मार्चअखेरीस आई-बाबा इकडे येतायत. नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने हे सगळं मागच्या खेपेला उरकलं. या वेळी बाबांनी फोनवरच बजावलंय, "पहाटे उठवायचं, रांगेत उभं करायचं, फोटो काढून पळवायचं, हे नको." ते भूगोल शिकवायचे. त्यांना वाळवंट बघायचंय, उघडे डोंगर बघायचेत, आणि खाणी बंद पडल्यावरही तग धरून राहिलेली गावं बघायचीत. आईला असल्या गावांतली दुकानं आणि माणसं बघायला आवडतात. बाकावर बसून तास काढेल.

विमानाने फीनिक्सला उतरून गाडी भाड्याने घेणार. आठवडाभर हाताशी आहे. डोक्यात दोन बेत आहेत:

पहिला, पश्चिम-उत्तरेचा. फीनिक्सहून विकेनबर्ग, यार्नेल, प्रेस्कॉट, जेरोम, मग जुन्या रूट ६६ वर सेलिगमन, किंगमन आणि गाढवांचं ते ओटमन.

दुसरा, आग्नेयेचा. टूसॉन, टूमस्टोन, बिस्बी, चिरिकावाचे दगडी सुळके, विलकॉक्स आणि परत.

अडचणी सांगते. बाबांचे गुडघे कुरकुरतात, सपाटीवर चालतात पण जिने नकोत. आईला घाटात गाडी लागते. ती शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. चालवणारी मी एकटीच, त्यामुळे दिवसाला फार तर तीन तास. हॉटेल दर दिवशी बदलायचं नाही.

दोन्ही बेत कोंबून बसवता येतील का, की एकच धरू? आणि एक धरायचा तर कुठला?

ग्रँड कॅन्यन मुद्दाम वगळलंय. कृपया त्यावरून वाद नको.

---

भटका_जोशीबुवा

वाद नको म्हणालात म्हणून वाद घालत नाही, पण इतक्या लांबून आलेल्या आई-बाबांना ग्रँड कॅन्यन न दाखवता परत पाठवणार? घरी गेल्यावर शेजारी पहिला प्रश्न तोच विचारतील. सेलिगमनहून साऊथ रिम, म्हणजे ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, दोन तासांवर आहे.

सावकाश_जा

शेजाऱ्यांना उत्तर द्यायला बाबा समर्थ आहेत. :) साऊथ रिमचं पुढे कधीतरी वेगळं बघू.

---

उंटावरचा_शहाणा

दोन्ही बेत एकत्र करू नका. नकाशावर राज्य एकच दिसतं, पण ओटमन एका टोकाला आणि बिस्बी दुसऱ्या. मधले दोन दिवस नुसते हायवेवर जातील.

मी रूट ६६ चा भक्त आहे, तरी प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या आईंना घाट सोसत नसेल तर पहिला बेत जपून. प्रेस्कॉटकडून जेरोमला जाणारा हायवे ८९ए मिंगस डोंगरावर सात हजार फुटांच्या आसपास चढतो आणि मग वळणावळणांनी थेट गावात उतरतो. किंगमनहून ओटमनला जाणारी सिटग्रीव्ह्ज खिंड त्याहून अवघड. रस्ता अरुंद, वळणं काटकोनात, कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. ४० फुटांपेक्षा लांब गाड्यांना तिथे बंदीच आहे. चालवणाऱ्याला मजा येते, मागे बसलेल्याचे हाल.

त्यावर उपाय आहेत. जेरोमला खालून, कॉटनवुड-क्लार्कडेलकडून चढा आणि त्याच वाटेने उतरा. वळणं कमी, चढ थोडका. ओटमनलाही बुलहेड सिटीकडून गेलात तर रस्ता बराच सरळ आहे. पण मग दोन्हीकडे वळसा पडतो आणि तुमचे तीन तास कधीच उलटून जातात.

जेरोम बाबांना आवडेल यात शंका नाही. तांब्याची खाण १९५३ मध्ये बंद झाली आणि हजारोंचं गाव शंभराच्या आत आलं. नंतर कलाकार मंडळींनी पडकी घरं घेतली. आता साडेचारशेच्या आसपास वस्ती आहे. डोंगर इतका पोखरलेला की तिथला जुना तुरुंग सरकत सरकत मूळ जागेपासून सव्वादोनशे फूट खाली आलाय. मात्र गाव उतारावर टांगलेलं आहे, एका गल्लीतून दुसरीत जायचं म्हणजे चढ किंवा पायऱ्या.

ओटमनची गाढवं म्हणजे खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या जनावरांची पिल्लावळ. भर रस्त्यात उभी राहतात आणि गाडीच्या काचेतून तोंड आत घालतात. दुपार कलली की दुकानं पटापट मिटतात, मग गावात बघायला काही नाही.

---

तांबडीमाती

मी टूसॉनला राहते, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच मान्य. दुसरा बेत घ्या. असा:

फीनिक्सहून थेट टूसॉनला या, दोन तास. तिथे दोन-तीन रात्री. सवारो नॅशनल पार्कच्या पूर्व भागात आठ मैलांचा डांबरी फेरा आहे. गाडीतून हळूहळू फिरा, जागोजागी थांबायला जागा आहे. सवारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच साधारण पाऊणशे वर्षं लागतात, त्यामुळे ज्यांना हात फुटलेले दिसतील ते सगळे बाबांना सीनियर. फुलं मात्र मार्चमध्ये मिळणार नाहीत, ती एप्रिलच्या शेवटापासून. हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर रस्त्याकडेला पिवळे-केशरी पॉपी दिसतील.

टूसॉनहून बिस्बीला जाताना आय-१० महामार्ग सरळसोट पकडू नका. हायवे ८३ ने सोनोइटा गावाला उतरा, मग हायवे ८२ ने टूमस्टोनच्या दिशेने. थोडी वळणं आहेत, पण घाट म्हणावा असं काही नाही. निवडुंग संपतात आणि एकदम पिवळ्या गवताची माळरानं सुरू होतात, कडेला निळे डोंगर. वाळवंट म्हणजे वाळू हे डोक्यात धरून आलेला माणूस इथे गप्प होतो. सोनोइटाला थांबून कॉफी घ्या.

मुक्काम बिस्बीतच करा, निदान तीन रात्री. तिथून टूमस्टोन पंचवीस मैलांच्या आत, चिरिकावा दीड तासाच्या आसपास. बिस्बी साडेपाच हजार फुटांवर आहे, मार्चमध्ये दिवसा छान ऊन आणि रात्री स्वेटर.

चिरिकावा हा या सगळ्याचा कळस आहे आणि तिथे प्रवेश फीसुद्धा नाही. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, तापलेल्या राखेचा थर घट्ट होऊन दगड झाला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि पाणी-बर्फाने भेगा रुंदावत गेल्या. आज तिथे हजारो सुळके उभे आहेत. काहींच्या माथ्यावर असे धोंडे तोललेले आहेत की खालून जाताना मान आपोआप आत जाते. बोनिता कॅन्यनचा आठ मैलांचा डांबरी रस्ता मसाई पॉइंट या वरच्या टोकापर्यंत जातो. शेवटी थोडा घाट आहे, तेवढा हळू चालवा आणि आईंना पुढे बसवा. वर पोचलं की न चालताही सगळं दिसतं. तिथे पेट्रोल नाही, खायला नाही. टाकी बिस्बीतच भरा आणि डबा बरोबर घ्या.

---

सावकाश_जा

तांबडीमाती, किती छान लिहिलंत! जवळजवळ ठरलंच. दोन शंका. बिस्बीच्या खाणीत बाबांना उतरता येईल का? आणि तिथल्या घरांचे फोटो बघितले तर सगळीकडे जिनेच जिने दिसतायत.

---

तांबडीमाती

जिन्यांचा धोका खरा आहे. गाव दरीत वसलेलं, घरं दोन्ही उतारांवर, आणि कित्येक घरांपर्यंत गाडी जातच नाही. तिथे दर ऑक्टोबरला लोक जिने चढण्याची शर्यत लावतात, नावच बिस्बी १०००. तेव्हा बुकिंग करताना "पार्किंगपासून खोलीच्या पलंगापर्यंत पायऱ्या किती" असा थेट प्रश्न विचारा. "थोड्याशा" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. मेन स्ट्रीटवर किंवा ब्रूअरी गल्च या गल्लीच्या तोंडाशी राहिलात तर दुकानं पायाखाली.

खाणीबद्दल. क्वीन माइन १९७५ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी लोकांना दाखवायला उघडली. सव्वा तासाची फेरी असते. पिवळा कोट, हेल्मेट आणि दिवा देतात. आत बाराही महिने आठ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून कोटाखाली जाड काहीतरी हवंच. गुडघ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट ही की खाणीत नेणाऱ्या छोट्या गाडीत खुर्च्या नसतात. लांब बाकावर दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर बसतात तसं बसावं लागतं. चढता-उतरताना एक पाय पलीकडे टाकता आला पाहिजे. आधी फोन करून विचारा आणि जागाही आधीच राखून ठेवा.

नाहीच जमलं तर बेन्सनजवळचं कार्चनर गुहांचं स्टेट पार्क घ्या. तिथली वाट व्हीलचेअर जाईल अशी केलेली आहे. दोन तरुणांना ही गुहा १९७४ मध्ये सापडली आणि नासधूस होऊ नये म्हणून चौदा वर्षं त्यांनी ती गुप्त ठेवली. लोकांसाठी उघडली १९९९ मध्ये. फोन, कॅमेरा, पिशवी काहीच आत नेऊ देत नाहीत. त्यातलं बिग रूम नावाचं दालन १५ एप्रिलनंतर वटवाघळांसाठी बंद होतं, तुम्हाला मिळेल. तिकिटं आधीच संपतात.

बिस्बीच्या कडेला लॅव्हेंडर पिट आहे, तांब्यासाठी खणलेला सुमारे नऊशे फूट खोल खड्डा. रस्त्यालगतच बघायला जागा आहे. नाव रंगावरून नाही, खाणीच्या अधिकाऱ्यावरून पडलंय. पलीकडे लोवेलमध्ये एरी स्ट्रीट नावाचा एकच रस्ता, जुन्या गाड्या आणि जुना पेट्रोल पंप मांडून ठेवलेला. सपाट आहे, बाबांना फिरवा.

---

कागदपत्रे_आधी

सगळे निसर्गात रमलेत, म्हणून मी रुक्ष माहिती देतो. हा भाग मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. उत्तरेकडे परतणाऱ्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलचे तपासणी नाके असतात. बहुतेक वेळा "सिटिझन?" एवढंच विचारतात, पण आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ची छापील प्रत गाडीत हाताशी हवी. बॅगेत, डिकीत, हॉटेलात नको. तुमचं स्टेटस जे असेल त्याचे कागदही. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकांनी नोंदणीचे कागद जवळ बाळगणं तसंही कायद्याने सक्तीचं आहे. बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे गणवेशातला माणूस आणि कुत्रा बघून दचकणार नाहीत.

आणि डग्लस, नॅको, नोगॅलेस या सीमेवरच्या गावांतून "पलीकडे जाऊन येऊ" असा मोह नको. व्हिसा आणि गाडीचा विमा, दोन्हीचे प्रश्न उभे राहतात.

---

उंटावरचा_शहाणा

टूमस्टोनला फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. सगळा बाजार २६ ऑक्टोबर १८८१ च्या एका चकमकीवर चाललाय. ती चालली साधारण अर्धा मिनिट आणि ओ.के. कोरल या घोड्यांच्या आवारात नव्हे तर जवळच्या एका मोकळ्या जागेत. रोज त्याचे प्रयोग लागतात. माझ्या मते तिथे दोन तास पुष्कळ.

तांबडीमाती

चकमकीबद्दल सहमत, पण तिथलं गुलाबाचं झाड बघितल्याशिवाय निघू नका! १८८५ मध्ये लावलेला पांढऱ्या फुलांचा वेल आता आठ हजार चौरस फुटांहून जास्त मांडवावर पसरलाय. बहर मार्चअखेर ते एप्रिल, म्हणजे नेमका तुमचाच मुहूर्त. खाली बाकंही आहेत, आईंची सोय झाली.

---

फोडणीवाली

जेवणाचं: मेक्सिकन ठिकाणी बीन बरिटो शाकाहारी समजून मागवू नका. घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी घालायची पद्धत आहे. "लार्ड आहे का" आणि भातासाठी "चिकनच्या पाण्यात शिजवलाय का" हे दोन प्रश्न पाठ करा. टूसॉनमध्ये भारतीय जेवण आणि किराणा मिळतो. पुढे गावांत पर्याय तुटपुंजे. मी स्वयंपाकघर असलेली खोली घेते, छोटा कुकर आणि मेतकूट बरोबर असतं.

---

सावकाश_जा

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरा बेत पक्का. टूसॉन, मग बिस्बी, चिरिकावा करून विलकॉक्समार्गे परत. बाबांना खाणीतल्या बाकाबद्दल सांगितलं. ते आता घरी खुर्चीवर उलटे बसून सराव करतायत, आई वैतागलीय.

साधी सेडान चालेल ना, की एसयूव्ही घेऊ?

---

कागदपत्रे_आधी

हा सगळा मार्ग डांबरी आहे, सेडान चालेल. पण बाबांना खाली वाकून बसायला-उठायला त्रास होणार असेल तर थोडी उंच गाडी बरी. एक मात्र बघा. चिरिकावाहून नकाशा तुम्हाला पायनरी कॅन्यनमार्गे पोर्टल नावाच्या गावाला "जवळचा रस्ता" सुचवेल. तो कच्चा आहे, आणि भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुधा चालत नाही. आल्या वाटेने बाहेर पडा आणि हायवे १८६ धरून विलकॉक्सलाच या.

वसंतात वारा असतो आणि विलकॉक्सजवळ कोरड्या तळ्याची धूळ आय-१० वर येते. समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला व्हा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा. मागचा ड्रायव्हर तुमचा लाल दिवा बघून रस्ता तिकडेच आहे असं समजतो आणि येऊन धडकतो.

बेसबॉलच्या सराव सामन्यांमुळे मार्चमध्ये फीनिक्सची हॉटेलं महाग असतात. उतरल्या दिवशीच टूसॉन गाठा.

सावकाश_जा

विमान दुपारी एकला उतरतंय, म्हणजे उजेडात पोचू. बुकिंग आजच करते.