मदत हवी आहे: वांगाच्या क्रीमबद्दल

धाकटीच्या वेळी गालांवर वांग आलं, ती आता ३ वर्षांची झाली तरी ते हटेना. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी ४ टक्के हायड्रोक्विनोन दिलं: रात्री फक्त डागांवर, ८ आठवडे. दिवसा सनस्क्रीन, न चुकता. सहावा आठवडा चालू आहे. डाग फिकटलेत, पण उजव्या डागाभोवती पांढुरकं कडं उमटलंय. बहुधा माझंच बोट बाहेर गेलं. कोणाला असं झालं होतं का? ते कडं किती दिवसांत भरलं? महिनोन्‌महिने लावलं तर उलट निळसर-काळी झाक येऊ शकते, त्यामुळे मनाने वाढवणार नाही. डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोवर थांबू की आधीच फोन करू? स्टिरॉइडवाली ट्यूब मात्र सुचवू नका, प्लीज!