माडाच्या पातीवर एनकार्सियाचा शोध: यादृच्छिक चाल पुरेशी आहे का?

प्रश्न (ताळगाव)
माडावरील रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणाऱ्या एनकार्सिया ग्वाडेलुपे या परोपजीवी गांधीलमाशीचे संगणकीय प्रारूप मी तयार करीत आहे. यादृच्छिक चालीने (प्रत्येक पाऊल कोणत्याही दिशेला) फिरवली असता ती पिल्लांनी भरलेली पाती रिकाम्या पातीइतक्याच सहज सोडते, आणि हे मला पटत नाही. तिला दुरून गंध येतो असे धरावे काय?

उत्तर (जुने गोवे)
पातीवर उतरल्यानंतर तरी तशी गरज नाही. याच प्रजातीगणातील एनकार्सिया फॉर्मोसाचा हरितगृहांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. ती शृंगिकांनी पान चाचपत चालते आणि पिल्लू अगदी जवळ आल्यावरच तिला कळते. तेव्हा दिशा यादृच्छिकच ठेवावी आणि पाती सोडण्याचा नियम बदलावा. वेंचुरिया कॅनेसेन्स या दुसऱ्या परोपजीवी गांधीलमाशीवरील १९७९ च्या प्रारूपात गांधीलमाशीची त्या जागेविषयीची ओढ आरंभी तेथील गंधावर ठरते, वेळेगणिक ओसरते, प्रत्येक अंडे घातल्यावर पुन्हा वाढते आणि ठरावीक पातळीखाली गेली की ती निघून जाते. अंडे घालण्यात व पिल्लाचा रस पिण्यात जाणारा वेळ, परिसंस्थाशास्त्रज्ञ होलिंग यांच्या १९५९ च्या समीकरणाप्रमाणे, शोधाच्या वेळातून वजा करावा. अन्यथा दाट वस्तीत तिची कामगिरी अवास्तव फुगते.

उत्तर (फोंडा)
वरील नियमात 'गंध' म्हणून पांढऱ्या माशीचा चिकट स्राव घेणार असाल, तर एक अडचण आहे. पिल्ले पातीच्या खालच्या अंगाला असतात, स्राव मात्र खालच्या झावळ्यांच्या वरच्या अंगावर आणि कुळागरातील (माड-पोफळीच्या मिश्र बागेतील) मिरवेल, केळीवर गळतो, जेथे पुढे काळी बुरशी धरते. म्हणजे खूण एका ठिकाणी आणि भक्ष्य दुसऱ्या ठिकाणी. पातीची दोन्ही अंगे प्रारूपात स्वतंत्र ठेवावीत. शिवाय पावसाळ्यात हा स्राव धुऊन जातो, म्हणून आरंभीची ओढ ऋतूनुसार बदलावी लागेल.

प्रश्नकर्ता
दोन्ही अंगे वेगळी करतो. पडताळणीसाठी परजीवी बाहेर पडल्याची गोल छिद्रे मोजणे पुरेल का?

उत्तर (जुने गोवे)
पांढरी माशी स्वतः बाहेर पडताना टी-आकाराची चीर पडते, त्यामुळे गोल छिद्रे ओळखणे सोपे आहे. पण त्यांवरून केवळ अंतिम यश कळते. दोन अगदी भिन्न नियमांतून छिद्रांची एकच संख्या निघू शकते. पाती सोडण्याचा नियम तपासायचा असेल, तर तोडलेल्या पातीवर एकेक एनकार्सिया सोडून, शेवटचे अंडे घातल्यापासून ती निघून जाईपर्यंतचा वेळ भिंगाखाली चित्रित करावा.