पिकअपला लिफ्ट किती घ्यावी: दोन, तीन की चार इंच?

चाकोरीबाहेर

डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग एक्सल आणि पाटे (पाटे एक्सलच्या वर). टायर २६५/६५ आर १७, झिजत आलेत, आता २८५/७० आर १७ घालायचा विचार आहे. हौद्यात कायम १५० ते २०० किलो सामान असतं. वापर बराचसा हायवेवर, बाकी कच्चे रस्ते आणि नदीपात्रातले गोटे. खोल चाकोरीत गाडी मधे घासते.

लिफ्ट किट (चेसिस चाकांपेक्षा उंच करणारे सुट्या भागांचे संच) २, ३ आणि ४ इंचांची दिसतात. ४ इंची किटमध्ये पुढे फक्त जाड स्पेसर (स्प्रिंगपाशी घालायची चकती) आणि मागे ब्लॉक (एक्सल आणि पाट्यांमधला ठोकळा) आहेत. किती घ्यावी आणि सोबत काय काय बदलावं लागेल?

पाटाकमान

मधे म्हणजे नक्की काय घासतं ते आधी खाली वाकून बघा. चेसिसच्या मधल्या आडव्या पट्टीवर किंवा ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीखालच्या) पत्र्यावर ओरखडे असतील तर लिफ्टचा उपयोग आहे. ओरखडे मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर (एक्सलच्या मधल्या, गिअर असलेल्या फुगीर डब्यावर) असतील तर ४ काय, ८ इंच लिफ्ट घ्या, तो गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जाणार नाही. तो एक्सलवर आहे आणि एक्सल चाकावर. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि तेही व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्याने.

तुमच्या मापांचा हिशोब: २६५/६५ आर १७ चा व्यास साधारण ७७६ मिमी, २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी. म्हणजे गोळ्याखाली २७ मिमी वाढतील. चेसिसला हेच २७ आणि वर लिफ्टचे ५०, मिळून ७७ मिमी. चाकोरीत अडकणाऱ्या गाडीला हे पुष्कळ झालं. माझं मत २ इंच, म्हणजे ५० मिमी.

किटवरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. सपाट फरशीवर, नेहमीचं सामान हौद्यात ठेवून, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची हवा आणि झीज मापात शिरते. बहुतेक पिकअप रिकाम्या असताना मागून उंच असतात, कारण मागचे पाटे भार गृहीत धरून बनवलेले असतात. त्यामुळे पुढे ५० आणि मागे २५ ते ४० पुरतं का, हे त्या चार मापांवरूनच कळेल.

बॉलजॉइंट

५० मिमीशी सहमत. कारण पुढच्या बाजूला आहे.

डबल विशबोनमध्ये गाडी उचलली की आर्म खाली झुकतात. त्याने तीन गोष्टी बिघडतात. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी तरंगल्यासारखी वाटते. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, सीव्ही जॉइंटच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याच्या) रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस उडतं आणि आत माती गेली की जॉइंट संपला. तिसरं, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या टोकाशी जातो.

५० मिमीपर्यंत बहुतेक गाड्यांत मूळ अप्पर आर्मवर अलाइनमेंट बसते, जेमतेम का होईना. त्याच्या वर गेलात की बॉल जॉइंट मागे सरकवलेले नवे अप्पर आर्म हवेत. ७५ मिमी ही या रचनेची व्यवहारातली हद्द समजा. १०० मिमी नीट करायचं तर पुढचा डिफरन्शियल आणि खालच्या आर्मची माउंटिंग खाली घेणारे ब्रॅकेट, क्रॉसमेंबर आणि बदललेले नकल (चाकाचं हब धरणारे भाग) लागतात. नुसत्या स्पेसरवर ४ इंच देणारं किट म्हणजे हे सगळं न करता फक्त उंची देणारं किट. ते सोडून द्या.

चाकोरीबाहेर

ओरखडे ट्रान्सफर केसखालच्या पत्र्यावर आहेत, गोळ्यावर किरकोळ. मग २ इंचांसाठी स्पेसर चालेल, की स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायचे? आणि २ इंचांत २८५ घासणार नाही ना?

बॉलजॉइंट

स्पेसर दोन जातींचे असतात, दोघांची दुखणी वेगळी.

स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉक एकत्र असलेल्या भागाच्या) डोक्यावर बसणारा: कॉइल खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकते, म्हणून २५ मिमी जाडीला चाकाशी ४५ ते ५० मिमी मिळतात. पुष्कळजण इथेच फसतात, ५० मिमी जाड स्पेसर आणून बसवतात. शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेवढाच राहून खाली सरकतो, त्यामुळे चाक लोंबल्यावर आर्म मूळ मर्यादेच्या खाली जातो, बॉल जॉइंट अडतो आणि सीव्ही ताणला जातो. शिवाय बंप स्टॉप (चाकाला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा) चेसिसवर असेल तर चाक वर येताना आर्म त्याला टेकायच्या आधीच शॉकअ‍ॅब्सॉर्बर आतल्या आत आपटू शकतो.

स्प्रिंगवर बसून ती आधीच दाबणारा: यात शॉकअ‍ॅब्सॉर्बरची लांबी बदलत नाही, म्हणून मिळालेली उंची खाली जाण्याच्या वाटणीतून वजा होते. समजा चाकाला ११० मिमी वर आणि ९० मिमी खाली जागा होती. ५० मिमी लिफ्टनंतर ती १६० वर आणि ४० खाली. गतिरोधक उतरताना पुढून ठक्‌ असा आवाज येतो तो शॉकअ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडून अडल्याचा.

म्हणून लिफ्टच्या मापाची स्प्रिंग आणि तिच्यासाठी लांब केलेला शॉकअ‍ॅब्सॉर्बर अशी जोडीच घ्या. स्प्रिंग मागवताना पुढे धातूचा बंपर किंवा विंच आहे का ते सांगा. ५० किलो जास्तीच्या वजनासाठी केलेली स्प्रिंग मूळ बंपरवर घातली तर ७० मिमी उचलेल आणि दगडासारखी कडक लागेल.

घासण्याबद्दल: लिफ्टने टायरला जागा होते हा अर्धाच भाग खरा. चाक पूर्ण वर दाबलं गेलं की ते जुन्याच ठिकाणी पोचतं, कारण बंप स्टॉप जुनाच आहे. २८५ बहुधा पूर्ण वळवलेलं असताना मडगार्डच्या मागच्या प्लास्टिकला आणि त्यामागच्या बॉडी माउंटला लागेल. रिमचा ऑफसेट (रिम हबवर टेकते ती पाटी रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते) +३० वरून ० केलात तर चाक ३० मिमी बाहेर जातं, वळताना मोठा घेर घेतं आणि जास्तच घासतं. मूळच्या जवळचा ऑफसेट ठेवा, मग आत अप्पर आर्मशी किती फट उरते ते तपासा.

हौदा_रिकामा

पुढचं सांगून झालं. मागच्या बाजूला लोक निम्मी कामं विसरतात, आणि त्यातली काही ब्रेकची आहेत.

उंचीसाठी ब्लॉक नको. कायम २०० किलो असताना भाराच्या मापाचा नवा पाट्यांचा संच घ्या, निदान एक लांब जादा पाटा. ब्लॉकने एक्सल पाट्यापासून लांब जातो, मग जोर लावताना एक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. ब्लॉकवर ब्लॉक तर कधीच नको. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लांब करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ५० मिमी लांब शॅकल २५ मिमीच उचलतो आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या दांड्याचा) कोनही बदलतो.

यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) नवेच. जुने एकदा ताणले गेलेले असतात, परत कसले तर आवळ टिकत नाही. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खाचेत बसलंय हे बघून चारही आडवेतिडवे, टप्प्याटप्प्याने कसा. १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर टॉर्क पाना लावा, नवे पाटे बसतात तसे ते सैल होतात.

मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा आहे का बघा. असेल तर तो व्हॉल्व्ह हौद्यातला भार ओळखतो. गाडी उचलली की त्याला हौदा रिकामा वाटतो आणि मागच्या ब्रेकचं प्रेशर तो कमी करतो. एक्सलकडचं त्याचं ब्रॅकेट लिफ्टइतकं वर घ्या. ब्रेकचा होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलचा ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणारा) हे सगळं चाकं लोंबत असताना तपासा, उभ्या गाडीत ते पुरेसंच दिसतं.

दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असेल आणि पहिल्या गिअरमध्ये निघताना खालून थरथर जाणवली तर ती सेंटर बेअरिंगच्या कोनाची. बेअरिंगचं ब्रॅकेट पॅकिंग देऊन थोडं खाली घेतलं की बहुतेक वेळा जाते.

पाटाकमान

एक राहिलं. रबरी बुशचे बोल्ट, पुढच्या आर्मचे आणि मागच्या पाट्यांचेही, गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावा. शेवटचा आवळ चाकं जमिनीवर टेकून, गाडी दोनचार वेळा दाबून, नव्या उंचीवर. लोंबत्या स्थितीत कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

तोल

३-४ इंच घ्यायचा मोह होईल म्हणून आकडे देतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा उलटण्याचा साधा निर्देशांक आहे, जितका कमी तितकं वाईट. उदाहरणापुरतं अंतर १५५० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी धरा: १.११. नवे टायर आणि ५० मिमी लिफ्ट: सुमारे १.०१. तेच टायर आणि १०० मिमी: ०.९५. हौद्यातलं सामान उंच रचलंत तर यातूनही घटतं. त्यामुळे टूलबॉक्स आणि पाण्याचे कॅन हौद्याच्या तळाला, एक्सलच्या पुढे.

दुसरं, टायरमुळे स्पीडोमीटर ७ टक्के कमी दाखवेल: काटा १०० वर असताना खरा वेग १०७ (मूळ मीटर अचूक धरून). गिअरिंगही तितकंच लांबतं, ४.१ चा फायनल ड्राइव्ह ३.८३ सारखा वागतो. चढावर भार घेऊन पाचव्यात ओढत नसेल तर दोष लिफ्टला देऊ नका. २६५/७० आर १७ (सुमारे ८०३ मिमी) घेतलात तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आत राहतो आणि कापाकापीही बहुधा लागत नाही.

चाकोरीबाहेर

मग पुढे ५० मिमीची स्प्रिंग आणि लांब शॉकअ‍ॅब्सॉर्बर, मागे २०० किलोचा पाट्यांचा संच, टायर २६५/७०. ब्रेक व्हॉल्व्हचा दांडा आहे, आत्ताच वाकून बघितला. अलाइनमेंट लगेच करू की थोडी चालवून?

बॉलजॉइंट

त्याच दिवशी टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) तरी करून घ्या, नाहीतर नवे टायर कडेने खाल्ले जातील. पूर्ण अलाइनमेंट ५०० किमीनंतर, यू-बोल्ट परत आवळाल तेव्हा, नेहमीचं सामान हौद्यात ठेवून. कॅस्टर दोन्ही बाजूंना निदान २ अंश आला नाही किंवा अ‍ॅडजस्टर शेवटच्या टोकाला गेला, तर अप्पर आर्म मागवा. आणि हेडलाइट खाली करा, समोरच्याचे डोळे दिपतात.