‘करीन’ : जहाज कलंडले की कलंडवले?

प्रश्न : अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी जहाजाच्या रोजनिशीत ‘वी करीन्ड द शिप’ असे वाक्य आहे. ‘करीन’ (careen) या इंग्रजी क्रियापदाचे कोशात ‘झुकणे’ आणि ‘हेलकावत भरधाव जाणे’ असे दोन्ही अर्थ दिसतात. ‘जहाज कलंडले’ म्हणावे का?

उत्तर : नाही, कलंडवले. क्रियापद सकर्मक आहे, आणि यात अपघात नाही; हे ठरवून केलेले काम आहे. लॅटिन ‘करीना’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. कणा उघडा पडेल इतके जहाज आडवे घालायचे, ही कल्पना शब्दातच आहे.

काम असे चाले. आडोशाची, उतरती पुळण निवडायची. तोफा, पिंपे, तळाचे नीरम (जहाज स्थिर राहावे म्हणून भरलेले वजन) उतरवायचे, वरच्या डोलकाठ्या काढायच्या. भरतीला जहाज किनाऱ्याला लावायचे आणि डोलकाठीला कप्प्या बांधून किनाऱ्यावरून दोर ओढत कलते करायचे. सगळा ताण डोलकाठीवर येतो, म्हणून तिला आधी टेकू आणि जादा दोर द्यावे लागत. नाहीतर ती मोडते. खालच्या बाजूची भोके बुजवली नाहीत तर पाणी आत शिरते.

ओहोटीला बूड उघडे पडले की जळते गवत किंवा झुडपे लावून जुना डांबराचा थर मऊ करायचा, शेवाळ व शिंपले खरवडायचे, किड्याने पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, सांध्यांत जुन्या दोरांचा पिंजलेला ताग ठोकून वर डांबर ओतायचे. मग चरबी, राळ, गंधक यांचा लेप. पुढे दुसरी कूस. उधाणाची भरती गाठली नाही तर जहाज पुन्हा तरंगवणे अवघड होई, म्हणून तिथी पाहूनच हात घालत.

दुसरे उत्तर : ‘हील’ (heel) या इंग्रजी क्रियापदाशी गल्लत नको. ते म्हणजे तरंगत्या जहाजाला वजने सरकवून थोडे कलवणे. 29 ऑगस्ट 1782 रोजी पोर्टस्मथजवळ ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेला दुरुस्तीसाठी असेच कलवले होते. खालच्या तोफखिडक्यांतून पाणी शिरले आणि ती बुडाली. शेकडो माणसे गेली, त्यात ॲडमिरल केंपनफेल्ट होते. लष्करी न्यायालयाने मात्र दोष कुजलेल्या सांगाड्याला दिला.

राहिला ‘भरधाव’ हा अर्थ. तो विसाव्या शतकात अमेरिकेत रुळला, ‘करिअर’ (career, भरधाव धावणे) या क्रियापदाशी झालेल्या सरमिसळीतून. ‘करिअर’चे मूळ वेगळे आहे : लॅटिन ‘कारुस’, म्हणजे गाडी, त्यावरून फ्रेंचमध्ये शर्यतीचा रस्ता, आणि पुढे आपल्या ओळखीचे नोकरीतले करिअर. जुन्या रोजनिशीत हा अर्थ लावू नये.

प्रश्न : मग ‘शाकारले’ चालेल का? कोकणात होड्या पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर घेऊन शाकारतात.

उत्तर : तिथे पावसापासून बचावासाठी होडी झापांनी झाकणे हा अर्थ आहे. बुडाची सफाई त्यात येत नाही. ‘जहाज किनाऱ्याला आडवे घालून बूड साफ केले’ असे लिहा. शब्द वाढतात, पण वाचकाला काम कळते.